इलेक्ट्रोस्टॅटिक इअरफोन आणि आपली दमट हवा

इलेक्ट्रोस्टॅटिक इअरफोन घेतलास ना, आता घाबरू नकोस. स्टॅक्स या जपानी कंपनीचा ५८० व्होल्टचा आकडा वाचून दचकतात सगळेच. करंट नगण्य असतो.

कोकणात आवाजाआधी हवा सांभाळायची. यातला पडदा जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, त्यावर विजेचा भार. दमटपणाने तो भार गळतो आणि एका कानाचा आवाज बसतो. माझा पहिल्याच पावसाळ्यात बसला. बिघडला समजून मी पार्सल करायला निघालो होतो! दोन दिवस सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवला, आला ठिकाणावर. तेव्हापासून फडताळात पापडांच्या डब्याशेजारी त्याचाही डबा असतो.

सुरुवातीला एवढंच पाळ:
- कान घामेजले असतील तर आधी पुसून घे.
- सुकवायला हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको. भुकटी आत गेली की संपलं.
- प्लग काढताना-घालताना अँप (इअरफोनला वीज आणि आवाज पुरवणारी डबी) बंद. हे विसरतातच.
- इअरफोन आणि त्याच्या अँपची जोडी मोडू नकोस. शुअर कंपनीच्या केएसई १५०० चा बायस (पडद्याला दिलेला व्होल्टेज) २०० व्होल्ट, स्टॅक्सचा ५८०. अदलाबदल करायचीच नाही.

अँप तापतं, तेव्हा खिशात कोंबू नकोस; एसटीत बसलास तर मांडीवर मोकळं ठेव. केबल, डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारं यंत्र), इक्वलायझर हे सगळं गणपतीनंतर विचार. तोवर नुसतं ऐक.