कान इकडे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सेलूला माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, दिवसभर कानात काहीतरी चालूच असतं. पण दोन वर्षं झाले यूट्यूब तीच वीस-पंचवीस गाणी फिरवून फिरवून दाखवायलंय. मला कोणी न ऐकलेलं ऐकायचंय, कोणत्याबी देशाचं, कोणत्याबी प्रकारचं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: दादा, यूट्यूब म्हणजे आपला पानटपरीवाला. तुम्ही रोज एकशेवीस-तीनशे खाता तर तुमची गाडी दिसली की तो तेच लावायला घेतो, त्याचं काय चुकलं? तुम्ही आणि तुमच्यासारखं ऐकणाऱ्यांनी पुढं काय ऐकलं हेच ते जास्त करून बघतं. आता ज्या व्हिडिओला सहा वर्षांत मिळून दोनशे जणांनी पाहिलंय त्याचा असा काही हिशोबच लागत नाही, म्हणून तो कधी वर येत नाही आणि वर येत नाही म्हणून कुणी पाहत नाही. तो आपणच जाऊन उकरून काढायचा.

माझी पद्धत एकच, गायक सोडायचा आणि वाजवणारा धरायचा. गायकाचा फोटो कव्हरवर मोठा असतो, संबळ कुणाचं, कोरसला कोण, हे मागं बारीक अक्षरात. ते नाव टाकून शोधा, तो माणूस दहा जणांसोबत वाजवलेला असतो आणि त्यातले आठ आपण ऐकलेलेच नसतात. नाव नाही मिळालं तर वाद्य आणि तालुका टाका, "संबळ गंगाखेड" असं. आधी देवनागरीत, मग इंग्रजी अक्षरात, मग मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं, कारण अपलोड करणारा कुणाचातरी भाचा असतो आणि त्याला घाई असते.

मला लहानपणापासून बाजाच्या पेटीचं वेड. पेटीसारखाच भाता आणि सूर देणाऱ्या धातूच्या पत्त्या ॲकॉर्डियनलापण असतात, म्हणून एका रात्री ॲकॉर्डियन शोधत शोधत हैलू मेर्गिया नावाच्या इथिओपियाच्या माणसापाशी पोचलो. यानं १९८५ मध्ये ॲकॉर्डियन, कीबोर्ड आणि ड्रम मशीन घेऊन एकट्यानं एक कॅसेट केली, आणि नंतर अमेरिकेत वॉशिंग्टनला टॅक्सी चालवायला लागला, कीबोर्ड डिकीत, भाडं नसलं की काढून वाजवायचा. ती जुनी कॅसेट ब्रायन शिमकोविट्झ नावाच्या अमेरिकन माणसाला इथिओपियातल्या बहिर दार शहरातल्या एका दुकानात सापडली, २०१३ ला ती परत निघाली आणि साठी उलटून गेल्यावर हा बाबा पुन्हा परदेशात स्टेजवर! तिकडच्या संगीतात तिझिता नावाचा सुरांचा एक साचा आहे, त्यातल्या मेजर प्रकारात सा रे ग प ध एवढेच सूर, म्हणजे आपल्या भूप रागाचे पाचही. चलन वेगळं, पण कान लगेच बसतो.

एक मात्र करा, इथिओपियाला जायच्या आधी ताडकळसला जाऊन या, तुमच्याच जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर, त्या आता 'पारी' या खेड्यापाड्यांच्या भारतावरच्या साइटवर आहेत आणि त्यात ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे गातात. नुसता आवाज, साथ वगैरे काही नाही. रात्री दुकान बंद केल्यावर ऐका, गिऱ्हाईक समोर असताना नको.

प्रश्न: माहेरी औशाला पत्र्याच्या पेटीत तीसेक कॅसेट निघाल्या, आजोबांच्या आराधी मेळ्याच्या आणि घरच्या गोंधळाच्या, टेपवर भरलेल्या. काही चिरकतात, एक तर फिरतच नाही. एका दुकानात दोन दिल्या होत्या, त्यानं एकीवर भलतंच भरून परत दिली. आता काय करावं?

उत्तर: ताई, पहिलं काम, कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या चकत्या असतात त्या आजच तोडा, मग त्यावर कुणाला परत भरता येत नाही. (मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली की येतं, म्हणून बाहेर देऊच नका.)

फिरत नाही ती लगेच मशीनमध्ये घालू नका, सहा कोनी पेन्सिल घालून हळूहळू पुढं-मागं फिरवा, पट्टी चिकटलेली असली तर सुटते. बुरशी असेल तर ती कॅसेट बाजूला काढा, ती लावली तर मशीनच्या हेडला, म्हणजे पट्टी जिथं घासून वाजते त्या भागाला लागते आणि पुढच्या सगळ्या खराब. पट्टीच्या मागं छोटा फेल्टचा तुकडा असतो, तो निघाला असेल तर आवाज दबका येतो, एखाद्या फालतू कॅसेटमधला काढून चिकटवा. हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसा, आणि सगळ्याच कॅसेटचा आवाज रेंगाळत असेल तर टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्ट सैल झालाय, कॅसेटचा दोष नाही.

मग हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला, त्यात ऑडॅसिटी नावाचं आवाज भरायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. वेव्ह (WAV) फाइलमध्येच सेव्ह करा, ६० मिनिटांची कॅसेट साधारण ६०० एमबी होते, होऊ द्या. आणि मधले आवाज कापू नका. माझ्याकडच्या एका गोंधळात आख्यान रंगात आलेलं असताना कुणीतरी म्हणतंय "दिवटीत तेल घाला की रं", मला त्या अख्ख्या रात्रीतलं तेवढंच पाठ आहे.

मेळ्यात कोण कोण होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून प्रत्येक फाइलच्या नावातच लिहून ठेवा, हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. परभणीचे राजारामबापू कदम गोंधळात एवढं मोठं नाव, पण त्यांच्या मागं उभं राहून झील धरणारे किती जणांना माहितीयत?

प्रश्न: आमच्या बंजारा तांड्यावर होळीच्या वेळी लेंगी गाणी म्हणतात. मोबाईलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकली तर चालेल का? (किनवट)

उत्तर: तांड्याच्या नायकाला आणि म्हणणाऱ्यांना विचारा, हो म्हणाले तर खुशाल. डफापासून दहा-पंधरा फूट लांब उभं रहा, नाहीतर सगळा आवाज फाटतो. तीस सेकंदाचं रील नको, लेंगी पूर्ण घ्या. आणि व्हिडिओच्या नावात तांड्याचं नाव घाला, "होली स्पेशल नॉनस्टॉप" असलं काही नको, नाहीतर सेलूच्या त्या दादांना तुम्ही सापडायचं कसं?