गुंतवणूक सल्ल्याच्या ग्राहकांसाठीचं पहिलं बातमीपत्र लिहिताना

भावा, पहिल्याच अंकात शेअर बाजाराच्या निर्देशांकाचे आकडे भरू नकोस. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याला ते रोज मोबाइलवर दिसतात. त्याला सांग, पीपीएफचे, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, पैसे ५ तारखेपर्यंत भरा. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर धरतात. ६ तारखेला भरले की त्या रकमेवरचं त्या महिन्याचं व्याज गेलं. असं काही छापलं की लोक आपणहून फोन करतात, मी बघितलंय.

मग एखादी गंमत दे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कर्नाटकचेही चार जिल्हे आहेत. हे वाचून पेठेत चर्चा होणारच!

ग्राहकाच्या नव्या दुकानाची, घरातल्या बारशाची बातमी जरूर घे, पण आधी विचारून. आणि कुणाची गुंतवणुकीची रक्कम चुकूनही छापायची नाही.