दीड लाखात दोघांची पहिली परदेशवारी: व्हिएतनाम, थायलंड की बाली?

तुम्ही दोघं, निघणार कोल्हापूरहून, हाताशी दीड लाख, मुक्काम सात रात्री आणि सुट्टी मे महिन्यात नाहीतर दिवाळीत, असं तुम्ही लिहिलंय. मग देश नंतर ठरवा, आधी महिना पक्का करा. कमी बजेटच्या सहलीचा विचका बहुतेक वेळा चुकीच्या हंगामामुळे होतो.

मे महिन्यात थायलंडच्या फुकेत-क्राबी बाजूला पावसाळा सुरू होतो. समुद्र खवळला की बेटांवर जाणाऱ्या बोटी रद्द होतात. तेव्हाची पॅकेजेस स्वस्त असतात ती याच कारणाने. व्हिएतनामच्या मधल्या भागात, दा नांग आणि होई आनला, मे कोरडा असतो, ऊन मात्र कडक. याच भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरला धो धो पाऊस पडतो आणि होई आनच्या जुन्या गावात नदीचं पाणी शिरतं. म्हणून दिवाळीत जाणार असाल तर उत्तर व्हिएतनाम घ्या: हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग. सात रात्रींत उत्तर, मध्य आणि दक्षिण असं सगळं कोंबू नका. हनोई ते दा नांग जवळपास ८०० किलोमीटर आहे. एवढ्या दिवसांत तीन भाग करायचे तर निम्मा वेळ आणि बराच पैसा प्रवासातच जाईल.

आता हिशोब. १,५०,००० मधून १५,००० अडीअडचणीसाठी बाजूला काढा, त्यांना हात लावायचा नाही. मुंबईला जाणं-येणं, टॅक्सी आणि वाटेतलं खाणं ८,००० धरा. व्हिसा, विमा आणि सिमकार्ड मिळून आणखी ८,०००. उरले १,१९,०००. विमानाचं जाण्या-येण्याचं तिकीट माणशी २५,००० ला मिळालं, तर हातात ६९,००० राहतात, म्हणजे दिवसाला दोघांचे साधारण ९,८००. एवढ्यात व्हिएतनाम किंवा थायलंडमध्ये स्वच्छ हॉटेल, जेवण, फिरणं, सगळं नीट बसतं. तेच तिकीट ३५,००० झालं तर दिवसाला ७,००० उरतात आणि प्रत्येक खर्चाला हात आखडायला लागतो. तेव्हा माणशी २५,००० ही तुमची लक्ष्मणरेषा. त्यात बॅगेचे पैसेही धरा, कारण स्वस्त विमान कंपन्यांच्या मूळ भाड्यात बऱ्याचदा फक्त ७ किलोची हातातली बॅग असते.

बाली मे महिन्यात सुंदर असते, पण या बजेटला मी सुचवणार नाही. माणशी ५ लाख रुपिया (आपले रुपये नव्हेत, हे इंडोनेशियाचं चलन) व्हिसाचे आणि दीड लाख रुपिया पर्यटन कराचे फिरायला सुरुवात करायच्या आधीच जातात; शिवाय बस-रेल्वेची सोय नसल्यातच जमा असल्यामुळे रोज गाडी भाड्याने घ्यावी लागते.

मुंबईहून हनोईला थेट विमानं आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरा आणि विमान त्याच रात्रीचं घ्या, दुपारचं नको. गाडी चार तास लेट झाली तरी घोर लागत नाही.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलरला, त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच काढा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स दुप्पट-तिप्पट घेतात. आपल्याकडच्यांची गफलत नावात होते. पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्ज भरताना सवयीने फक्त स्वतःचं नाव टाकलं जातं, व्हिसा तसाच येतो आणि तो पासपोर्टशी जुळत नाही. मग नवा अर्ज, नवी फी. पासपोर्टातलं अक्षर न् अक्षर बघून भरा, तिकिटावरही तेच नाव हवं. प्रवासाच्या तारखेपासून पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असू द्या.

कार्ड वापरताना मशीन रुपयांत की तिथल्या चलनात असं विचारेल. नेहमी तिथलं चलन निवडा, रुपयांचा दर ते स्वतःच्या सोयीने लावतात. बहुतेक साध्या बँक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणून परदेशी चलनावर शुल्क न घेणारं कार्ड आधीच मागवा.

एजंटकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे एजंटने आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर, कापला जातो. तो रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो, पण पैसे तोवर अडकतात. तिकीट आणि हॉटेल वेगवेगळं स्वतः बुक केलं तर हा प्रश्न येत नाही.

जेवणाचं म्हणाल तर तांबड्या-पांढऱ्याला सरावलेल्या जिभेला व्हिएतनामचं जेवण सपक लागेल. कांदा-लसूण चटणीची पुडी चेक-इन बॅगेत घट्ट बांधून न्या. तिथल्या फलकावर ‘गा’ म्हणजे चिकन, ‘बो’ म्हणजे गोमांस, ‘हेओ’ म्हणजे डुक्कर. शाकाहारी असाल तर ‘चाय’ लिहिलेली दुकानं शोधा, कारण एरवी नुसत्या भाजीतही माशाचा सॉस असतो.

तिकीट २५,००० च्या खाली येतच नसेल, तर दिवाळीत नेपाळ बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला आकाश स्वच्छ असतं, डोंगर दिसतात, व्हिसा लागत नाही आणि आपला एक रुपया म्हणजे तिथले १.६० हा दर ठरलेला आहे. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्रावरही विमानाने जाता येतं. आधार कार्डावर मात्र विसंबू नका.