ऑनलाइन पोकरमध्ये माझी प्रगती थांबली आहे, खेळ सुधारण्यासाठी काय करू?

तुम्ही लिहिलंय की यूकेत शिकताय, वर्षभर छोट्या स्टेक्सवर, म्हणजे कमी रकमेच्या टेबलांवर, होल्डेम (दोन पत्ते हातात, पाच सर्वांसाठी मध्ये उघडे, असं पोकर) खेळताय आणि ‘गेले दोन महिने नशीबच फिरलंय’. त्या शेवटच्या वाक्यासाठी मी हे उत्तर लिहितोय. नशीब फिरलं म्हणणाऱ्याचा खेळ सुधारत नाही. हे कळायला माझे पंधरा हजार रुपये गेले आणि त्याच पंधरा हजारांवरून माझा नि माझ्या मामांचा वाद २०१८ च्या दिवाळीपासून चालू आहे.

मामा तासगावचे, बेदाण्याचे व्यापारी. पाडव्याच्या रात्री त्यांच्या माडीवर तीन पत्तीचा डाव बसतो. त्या वर्षी मी कोपऱ्यात मोबाइलवर ₹५/१० च्या टेबलावर पोकर खेळत होतो (पत्ते बघण्याआधी दोघांना भरावे लागणारे हे सक्तीचे पैसे, त्यांना ब्लाइंड म्हणतात). पाच हजार टाकून सुरू केलेलं खातं सात महिन्यांत १६,४०० वर आणलं होतं. रोज दीड-दोन तास, एकच टेबल, आणि प्रत्येक रविवारी आठवड्याचा हिशोब. मी सांगलीत लोकांची खाती लिहितो, त्यामुळे ती सवय हातातच होती.

साडेअकराच्या सुमारास एक्क्यांची जोडी आली. समोरच्यानं रेज केलं (बोली वाढवली), मी आणखी वाढवलं, त्यानं सगळे चिप्स पुढे ढकलले, मी कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे लावले. त्याच्याकडे राजांची जोडी. टर्नला, म्हणजे मधल्या चौथ्या पत्त्याला, बदामचा राजा आला आणि माझे हजार रुपये गेले. मामा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “बघितलंस? एक्क्यांची जोडी हातात असून गेलास. नशिबाचा खेळ हाय गड्या, डोक्याचा न्हाई.” माडीवरची सगळी माणसं हसली.

मी तिथंच फोन ठेवायला हवा होता. त्याऐवजी मी ₹२५/५० ची दोन टेबलं उघडली. पन्नास मिनिटांत पाच-पाच हजारांचे तीन बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) संपले. खात्यात चारशे रुपये उरले.

रात्रभर झोप लागली नाही. भाऊबीजेच्या सकाळी ओवाळणी आटोपली आणि साइटवरून त्या पन्नास मिनिटांची हँड हिस्टरी, म्हणजे प्रत्येक हाताची (डावाची) नोंद, उतरवून घेतली. एकूण ११० हात. माझं नेहमीचं प्रमाण शंभरात २४ हात खेळण्याचं, त्या रात्री ११० पैकी ६१ खेळलो होतो. स्मॉल ब्लाइंडमध्ये (सक्तीची छोटी रक्कम भरणाऱ्याच्या जागेवर) एक्का-अठ्ठी, तीही वेगवेगळ्या रंगांची, घेऊन पहिल्या जागेवरच्या रेजला कॉल. फ्लॉपवर (मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत) एक्का पडला म्हणून शेवटपर्यंत कॉल करत गेलो, समोर एक्का-राणी. पुढचा हात त्याहून वाईट. फ्लश ड्रॉ होता (एकाच रंगाचे चार पत्ते, पाचव्याची वाट), टर्नला पॉट, म्हणजे मधली जमा रक्कम, दोन हजारांचा, समोरच्यानं दोन हजार लावले. चार हजारांसाठी दोन हजार द्यायचे म्हणजे तीनातून एकदा तरी जिंकायला हवं. मला नऊ पत्ते चालणार होते, शेचाळीसमधून नऊ, पाचातून एकदाही नाही. तरी कॉल केला. रिव्हरला (मधल्या शेवटच्या पत्त्याला) हवा तो पत्ता आला नाही, तर उरलेले २,१०० सहा हजारांच्या पॉटमध्ये ब्लफ म्हणून टाकले. इतका स्वस्त कॉल समोरचा कशाला सोडेल? हे सगळं गणित मला त्या रात्रीच्या आधी सहा महिने येत होतं.

वादाचा मुद्दा हा. एक्के विरुद्ध राजे या लढतीत शंभरात साधारण १८ वेळा राजे जिंकतात. तो हजार रुपयांचा हात मी आजही तसाच खेळेन. तो नशिबाच्या खात्यावर लिहा, माझी हरकत नाही. पण नंतरचे पंधरा हजार माझे आहेत, ते मी माझ्या हातानं दिले. मामा मात्र प्रत्येक लग्नात सांगतात, “ह्यो नशिबानं हरला.” मला त्यातलं ‘हरला’ लागत नाही, ‘नशिबानं’ लागतं. तोटा नशिबाचा म्हटला की त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही.

मामांना मी २०१७ ची गोष्ट कितीदा सांगितली. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला लिब्रॅटस नावाचा संगणक प्रोग्राम पिट्सबर्गच्या कॅसिनोत चार व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवस खेळला. १,२०,००० हात, दरवेळी एकास एक. नशिबाचा भाग कमी व्हावा म्हणून पत्ते आरशासारखे वाटले होते: एका खेळाडूला जे पत्ते, तेच दुसऱ्या खेळाडूविरुद्ध मशीनला. शेवटी मशीन सतरा लाखांहून जास्त चिप्सनी पुढे. मशीनला कसलं आलंय नशीब? यावर मामा म्हणतात, “मशीनचं सोड, तुझं बोल.”

मग मी बेदाण्याचं बोलतो. मामा शीतगृहात माल ठेवतात. दिवाळीच्या मागणीच्या आधी विकायचा की थांबायचं, हे आवक, शिल्लक साठा आणि मालाची प्रत बघून ठरवतात. एका वर्षी थांबले आणि भाव पडला. तेव्हा घरी आल्यावर त्यांचे शब्द होते, “निर्णय बरोबर हुता, भाव पडला.” बरोबर होते ते. मी एक्क्यांबद्दल याहून वेगळं काहीच म्हणत नाही. स्वतःच्या धंद्यात जो माणूस निर्णय आणि निकाल वेगळे ठेवतो, त्यानं भाच्याच्या हातात पत्ते दिसले की दोन्ही एकत्र करावेत, हे मला अजून पटलेलं नाही.

आता तुमचं. हँड चार्ट (कोणते पत्ते खेळायचे याचा तक्ता), सॉल्व्हर (योग्य चाल काढून देणारं सॉफ्टवेअर), व्हिडिओ तुम्ही बघतच असाल, त्यावर मी बोलत नाही. वही करा. प्रत्येक सत्रानंतर ज्या तीन हातांत सर्वांत मोठा पॉट झाला ते लिहा, पण निकालाचा रकाना झाकून. कॉल का केला, समोरच्याकडे काय असेल असं वाटलं, पॉटच्या मानानं किती टक्के हवे होते. कारण लिहिता येत नसेल तो हात चूक, जिंकला असलात तरी चूक. मी चार महिने असं केलं तेव्हा दिसलं की माझी निम्मी गळती ब्लाइंडमधून केलेल्या कॉल्सची होती. बटनवर, म्हणजे सर्वांत शेवटी बोलायच्या जागेवर, बसून जे पत्ते पैसे देतात, तेच स्मॉल ब्लाइंडमध्ये खातात, कारण पुढच्या प्रत्येक फेरीत आधी तुम्हालाच बोलावं लागतं.

बँकरोलबद्दल, म्हणजे खेळासाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशांबद्दल, मामांचं ऐका. हो, मामांचंच. पाडव्याला ते पाचशे रुपये स्टीलच्या डब्यात घालून बसतात, डबा रिकामा झाला की उठून झोपायला जातात. माझ्या १६,४०० मध्ये ₹२५/५० चे सव्वातीन बाय-इन होते. तीस बाय-इनच्या खाली असताना वरच्या टेबलावर जाऊ नका, आणि हरल्यावर तर अजिबात नाही. साइटची नाल (प्रत्येक पॉटमधून साइट कापून घेते तो वाटा) मोजायलाही विसरू नका, छोट्या स्टेक्सवर बरेच चांगले खेळाडू तिच्यामुळेच तोट्यात असतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: दोन महिन्यांत तुमचे पाच-सहा हजारच हात झाले असतील, तर तो तोटा खरंच नुसत्या चढउताराचाही असू शकतो. म्हणूनच निकाल झाकायला सांगतोय. शैक्षणिक कर्जातला एक पेन्सही टेबलावर जात असेल तर वही वगैरे सोडा, आज गॅमस्टॉपवर नाव नोंदवा. तिथून यूकेतल्या सगळ्या परवानाधारक जुगाराच्या साइट्स स्वतःसाठी सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं बंद करून घेता येतात. आणि सुट्टीत भारतात आलात तर इथं खेळू नका. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झालेत, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. व्हीपीएन लावून परदेशी साइटवर जाण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका, अडकलेला पैसा परत मागायला तुम्हाला दारच नसतं. मी स्वतः २०२१ मध्ये थांबलो, तेव्हा खात्यात ३१,००० होते. वही अजून कपाटात आहे, मामांनी ती एकदाही उघडलेली नाही.

आधी एवढं करा: शेवटचे पाचशे हात उतरवून घ्या, स्मॉल ब्लाइंडमधून किती वेळा नुसता कॉल केलात ते मोजा आणि तो आकडा मला कळवा.