आयोवाला शिकायला येण्यापूर्वी: भोंगा, थंडी आणि रात्रीची वाट

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील एका विद्यापीठात एम.एस.साठी रुजू होणार असल्याचे आपण लिहिले आहे आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत: आणीबाणीच्या सूचनांसाठी नोंदणी करा, असा विद्यापीठाचा जो ईमेल आला आहे तो कितपत गांभीर्याने घ्यावा, टॉर्नेडोचे व्हिडिओ पाहून धास्तावलेल्या आईला काय सांगावे, आणि रात्री उशिरा प्रयोगशाळेतून एकटीने खोलीवर परतणे सुरक्षित आहे का. मी या भागात चौदा वर्षे राहते आहे, त्यातली पहिली सहा विद्यार्थिनी म्हणून गेली आणि पुढची विद्यापीठाच्या नोकरीत. त्या आधारावर सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. इथले सिम कार्ड मिळेल त्याच दिवशी विद्यापीठाच्या पोर्टलवर जाऊन तो क्रमांक नोंदवा. विद्यापीठाचा ईमेल पत्ता बहुतेक ठिकाणी या यादीत आपोआप घातला जातो, पण मध्यरात्री ईमेल कोणी वाचत नाही. खरा उपयोग मोबाइलवरच्या संदेशाचा होतो आणि प्रवेशअर्जात दिलेला भारतातला क्रमांक तिथे काहीच कामाचा नसतो. याखेरीज अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा मोबाइल टॉवरवरून त्या परिसरातल्या फोनवर थेट, कर्कश आवाजासह येतो. ही सोय २०१२ पासून आहे आणि तिला नोंदणी लागत नाही, मात्र फोनच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते आणि पहाटे एकदा झोपमोड झाली की पुष्कळ विद्यार्थी ती बंद करून टाकतात. आपण तसे करू नये.

तरीही खरे सांगायचे तर इथे सूचनांची उणीव कधीच नसते. सूचना आल्यावर पावले कुठे वळवायची हे आधी ठरलेले नसते, ही खरी उणीव आहे, आणि ते ठरवण्याचे काम विद्यापीठ आपल्यासाठी करू शकत नाही.

आईंना आधी एवढे सांगा की टॉर्नेडो म्हणजे किनाऱ्यावर धडकणारे चक्रीवादळ नव्हे. मराठी बातम्यांत दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि त्यामुळे फार गैरसमज होतो. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. टॉर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा फिरता खांब; तो बहुधा काही शे मीटर रुंदीचा असतो, बहुतेक वेळा काही मिनिटेच जमिनीवर टिकतो, आणि एका गल्लीतली घरे उद्ध्वस्त झाली तरी पलीकडची गल्ली शाबूत राहू शकते. त्यामुळे आपण राहू त्याच घरावर तो येण्याची शक्यता अगदी कमी असते; पण आलाच तर हाताशी मिनिटे उरतात, तास नव्हे.

म्हणूनच ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ या दोन शब्दांतला फरक इथे उतरण्यापूर्वीच पक्का करून घ्या. टॉर्नेडो वॉच हवामान सेवेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन इथल्या केंद्रातून निघते, ती मोठ्या प्रदेशासाठी आणि काही तासांसाठी असते, आणि तिचा अर्थ इतकाच की हवा टॉर्नेडोला अनुकूल आहे. त्या वेळी वर्ग चालू राहतात. आपण फोन चार्ज करावा, बूट दाराजवळ ठेवावेत आणि लांब सायकल फेरीला जाऊ नये. टॉर्नेडो वॉर्निंग मात्र हवामान सेवेचे स्थानिक कार्यालय काढते, आणि ती आली याचा अर्थ टॉर्नेडो कोणी प्रत्यक्ष पाहिला आहे किंवा रडारवर त्याची खूण दिसली आहे. ती साधारण अर्ध्या-पाऊण तासासाठी असते. ती आली की प्राध्यापक बोलत असले तरी उठायचे.

उठून जायचे ते तळघरात. तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली, बिनखिडकीची जागा शोधायची. कॅम्पसवर बहुधा स्वच्छतागृहे किंवा आतले बोळ यासाठी ठरवलेले असतात आणि तशा पाट्या भिंतींवर असतात. व्यायामशाळा, मोठे सभागृह, भोजनगृह अशा जागा भक्कम वाटल्या तरी टाळायच्या, कारण त्यांचे रुंद छप्पर मधल्या आधाराविना उभे असते आणि ते आधी कोसळते. लिफ्ट वापरायची नाही. खिडक्या उघडल्याने घरातला दाब समान होतो व घर वाचते, असे आजही कोणी तरी सांगेल. ते खोटे आहे आणि त्यात वेळ मात्र जातो. गाडीत असताना उड्डाणपुलाखाली आसरा घेणे हाही तसाच घातक समज आहे, कारण पुलाखालच्या चिंचोळ्या जागेत वारा अधिक जोराने घुसतो. ओक्लाहोमात ३ मे १९९९ रोजी पुलांखाली थांबलेल्या लोकांनी त्यापायी प्राण गमावले.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी मी एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. घराला तळघर होते, कपडे धुण्याचे यंत्र तिथेच होते, आणि घरमालक रात्री नऊ वाजता तळघराच्या दाराला कुलूप घालत असे. ही गोष्ट मी केवळ कपडे कधी धुवायचे या हिशेबाने लक्षात ठेवली होती. मे महिन्यात एका रात्री सव्वादहाला गावातला टॉर्नेडोच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा मी आणि माझी मैत्रीण जिना उतरून त्या दारापाशी पोहोचलो आणि कुलूप हातात धरून उभ्या राहिलो. घरमालक गावाबाहेर होता. शेवटी खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूने आम्हाला त्याच्या न्हाणीघरात घेतले. तिघेजण कोरड्या टबात अंग चोरून बसलो आणि वरून त्याची गादी ओढून घेतली. टॉर्नेडो गावाच्या दक्षिणेकडून, शेतांवरून निघून गेला. त्या पाऊण तासात टबाच्या नळाखाली साचलेला साबणाचा चिकट थर मी इतक्या जवळून पाहिला की तो आजही डोळ्यांपुढे येतो. तेव्हापासून भाडेकरारावर सही करण्यापूर्वी मी एकच प्रश्न हमखास विचारते: तळघर आहे का, आणि त्याची किल्ली रात्री कोणाकडे असते? आपणही विचारा. भाड्यात थोडे कमी-जास्त झाले तरी चालेल, या उत्तरात नाही.

भोंग्याबद्दल दोन गोष्टी. पहिली, तो उघड्यावर असलेल्या लोकांसाठी असतो. बंद खोलीत, पंखा चालू असताना, झोपेत तो ऐकू येईलच असे नाही, त्यामुळे रात्री फोनचा आवाज चालू ठेवणे भाग आहे. दुसरी, तो थांबला म्हणजे धोका टळला असे नाही. तो काही मिनिटे वाजून थांबतो आणि इशारा चालूच असतो. भोंग्यांची चाचणी ठरलेल्या दिवशी होते, जसे इलिनॉयमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला आणि मिनेसोटात पहिल्या बुधवारी दुपारी एकला. आपल्या गावचा दिवस पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, नाहीतर निरभ्र आकाशाखाली एकट्याच धावत सुटाल. मी धावले होते.

इथली जुनी मंडळी भोंगा वाजला की अंगणात येऊन आकाश बघत उभी राहतात, हे आपल्याला दिसेलच. त्यांचे अनुकरण करू नये. १३ एप्रिल २००६ रोजी आयोवा सिटीतून टॉर्नेडो गेला तेव्हा विद्यार्थिनींच्या एका वसतिगृहवजा घराचे छप्परच उडाले. मुली तळघरात उतरल्या होत्या म्हणून वाचल्या.

आपण ऑगस्टमध्ये येणार म्हणून आणखी एक शब्द सांगून ठेवते: डेरेचो. फिरता नव्हे, तर सरळ रेषेत शेकडो किलोमीटर धावत जाणारा हा वादळी वारा आहे, आणि गंमत म्हणजे त्याला हे नाव आयोवा विद्यापीठाच्याच गुस्टावस हिनरिक्स या प्राध्यापकांनी १८८८ मध्ये दिले. १० ऑगस्ट २०२० रोजी दुपारी तो आयोवावरून गेला तेव्हा सीडर रॅपिड्समध्ये वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १४० मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर असावा असा अंदाज नंतर काढण्यात आला, आणि पुष्कळ घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हा ‘सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंग’ (तीव्र गडगडाटी वादळाचा इशारा) हे शब्द टॉर्नेडोपेक्षा सौम्य वाटले तरी त्यात वाऱ्याचा आकडा किती दिला आहे तो पाहा. ऐंशी मैल किंवा अधिक असेल तर टॉर्नेडोसारखेच वागा. असे प्रसंग गृहीत धरून पासपोर्ट, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेले प्रमाणपत्र) आणि विम्याचे कागद एका जलरोधक पिशवीत ठेवा, त्यांची छायाचित्रे ईमेलमध्ये ठेवा, आणि पिशवी बुटांशेजारी ठेवा.

विजेचा नियम छोटा आहे: गडगडाट ऐकू आला की आत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही.

थंडीची भीती आपण विचारलेली नाही, पण मला टॉर्नेडोपेक्षा तिचीच काळजी अधिक वाटते, कारण टॉर्नेडो कदाचित कधीच दिसणार नाही आणि थंडी दरवर्षी येईल. इथे तापमानाइतकेच ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी, पाहायचे असते. तापमान शून्य फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ सेल्सिअस असताना ताशी १५ मैलांचा वारा असेल तर शरीराला ते उणे २८ सेल्सिअससारखे जाणवते, आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. बसथांब्यावर वीस मिनिटे उभे राहणे म्हणजे काय, याचा विचार त्या हिशेबाने करा. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे ३१ सेल्सिअसच्या आसपास गेला होता आणि मिडवेस्टमधल्या, म्हणजे आयोवा-शिकागोच्या या मध्य-उत्तर भागातल्या, अनेक विद्यापीठांनी वर्ग रद्द केले होते. पण विद्यापीठ बंद झाले नाही म्हणजे चालत जाणे सुरक्षित आहे, असा अर्थ कधीही काढू नये. प्राध्यापकांना ईमेल करून घरी थांबणे इथे उद्धटपणाचे मानले जात नाही. बोटे पांढरी पडून बधिर झाली तर ती चोळू नका, कोमट पाण्यात धरा. बर्फात अडकलेल्या गाडीत हीटर लावून बसण्यापूर्वी धुराची नळी बर्फाने बुजलेली नाही ना, हे पाहा; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता रात्रीच्या वाटेबद्दल. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात १९८६ मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा तिच्याच वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. आपोआप बंद होणारी दारे कोणी तरी सोयीसाठी अडकवून उघडी ठेवली होती. तिच्या आई-वडिलांच्या पाठपुराव्यातून १९९० मध्ये जो कायदा झाला त्यामुळे विद्यापीठांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरील गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. आपल्या विद्यापीठाचा अहवाल आजच उघडून वाचा. आईंना व्हिडिओंऐवजी तो दाखवा. आणि वसतिगृहाच्या दारात मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी सौजन्याने दार धरून ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा. मला ती सोडायला वर्ष लागले.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांची हत्या झाली. पहिला गोळीबार सकाळी सव्वासातच्या सुमारास झाला आणि विद्यापीठाचा पहिला ईमेल गेला तो नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी. पुढच्या वर्षी १९९० च्या त्याच कायद्यात बदल होऊन तातडीचा धोका कळताच विलंब न लावता सूचना देणे विद्यापीठांना बंधनकारक झाले. आपल्याला आलेल्या ईमेलमागे हा सगळा इतिहास आहे. अशा प्रसंगासाठी इथे ‘पळा, लपा, लढा’ असा क्रम शिकवतात आणि तो क्रमच महत्त्वाचा आहे: शक्य असेल तोवर बाहेर पडणे, नसेल तर दार आतून बंद करून, दिवे मालवून, फोन मूक करून बसणे, आणि काहीच उरले नाही तरच प्रतिकार. पोलीस आत आले की हात रिकामे आणि दिसतील असे ठेवा; घाईने खिशात हात घालू नका.

रोजच्या परतीसाठी बहुतेक विद्यापीठांत रात्री सोबत करणारी किंवा गाडीने सोडणारी मोफत सेवा असते. ती वापरायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मीही रात्री एक वाजता चालतच जात असे. आज मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलींना सेवेचा क्रमांक फोनमध्ये घालायला समोर बसवते.

९११ हा इथला आणीबाणीचा क्रमांक लावाल तेव्हा काय झाले याच्याही आधी कुठे झाले ते सांगा, इमारतीचे नाव आणि मजला यांसकट, म्हणजे फोन तुटला तरी मदत निघते. भारताचा ९१ हा आकडा लावताना चुकून ९११ लागणे आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत नेहमीचे आहे. तसे झाले तर घाबरून फोन ठेवू नका, चुकून लागला असे सांगा. ठेवलात तर ते उलट फोन करतात किंवा पोलीस दारात येतात.

आईंशी ठरवायची गोष्ट एकच. इथली वादळे बहुतेक दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी येतात, आणि वसंतात इथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे साडेचार झालेले असतात. वादळ गेल्यावर फोन लागत नाहीत, लिखित संदेश मात्र बहुधा जातो. तेव्हा तळघरातून वर आल्याबरोबर ‘मी ठीक आहे’ एवढेच लिहून पाठवा, म्हणजे उठल्यावर त्यांना बातमीच्या आधी आपला संदेश दिसेल.