ग्रॅनाइटचा ओटा आणि किरणोत्सर्ग

प्रश्न : साताऱ्यात आमच्या घराचे बांधकाम सुरू आहे. ग्रॅनाइटचा ओटा आणि राखेच्या विटा यांतून किरणोत्सर्ग होतो, असे ऐकले. घरात लहान मूल आहे. काळजी करावी का?

उत्तर : युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० या किरणोत्सारी द्रव्यांचा अंश प्रत्येक दगडमातीत असतोच. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, तो कमी असतो, ग्रॅनाइटमध्ये सहसा अधिक, आणि कोळसा जळून उरलेल्या राखेत मूळ कोळशापेक्षा वाढलेला असतो. तरीही ओट्याच्या फरशीतून मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा अत्यल्प असते. तेवढ्यासाठी ग्रॅनाइट टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे लक्ष रेडॉनकडे द्यावे. दगडमातीतल्या युरेनियमपासून बनणाऱ्या रेडियमच्या ऱ्हासातून निर्माण होणारा हा गंधहीन वायू मुख्यतः जोत्याखालच्या जमिनीतून आणि काही अंशी भिंतींतून घरात येतो, बंद खोलीत साचतो, आणि त्यापासून तयार होणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुफ्फुसांत बसत राहिले, तर कालांतराने कर्करोगाचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांना तो कितीतरी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील रेडॉनसाठी दर घनमीटर हवेत १०० बेकरेल (किरणोत्सारितेचे एकक) ही संदर्भ पातळी, म्हणजे शक्यतो ओलांडू नये अशी पातळी, सुचवली. जोत्यातील भेगा आणि नळांभोवतीच्या फटी नीट बुजवून घ्याव्यात, आणि मुलाच्या खोलीला शक्यतो समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. बांधकाम चालू असतानाच हे कमी खर्चात होते.