सिस्प्लॅटिन, मूत्रपिंडे आणि कर्क्युमिनच्या गोळ्या

वडिलांच्या गालाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध सुरू आहे, पहिल्या डोसनंतर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) ०.९ वरून १.३ वर गेले आहे, आणि नातेवाइकांनी मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या (हळदीतील पिवळ्या घटकाच्या) गोळ्या आणून दिल्या आहेत. त्या द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी काही वर्षे सिस्प्लॅटिनसोबत कर्क्युमिन देण्याचा प्रयोग उंदरांवर केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगतो: त्या गोळ्या देऊ नयेत.

कर्क्युमिन सिस्प्लॅटिनच्या इजेपासून मूत्रपिंडांना वाचवते, ही आपण वाचलेली माहिती खोटी नाही. सिस्प्लॅटिनला अमेरिकेत १९७८ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हापासूनच मूत्रपिंडाची इजा ही त्याची मोठी अडचण ठरली आहे. साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये ती कमी-अधिक प्रमाणात दिसते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी हे औषध रक्तातून आत खेचून घेतात, त्यामुळे तेथे ते रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठते, पेशींची ऊर्जाकेंद्रे बिघडतात, ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो आणि दाह सुरू होतो. कर्क्युमिन हा ताण आणि दाह दोन्ही कमी करते. सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदराच्या मूत्रपिंडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की नलिका मृत पेशींच्या गाळाने भरलेल्या दिसतात. कर्क्युमिनही मिळालेल्या उंदरांमध्ये त्यांतल्या बऱ्याच नलिका शाबूत असतात. हा फरक मी अनेकदा पाहिला आहे आणि पहिल्यांदा तो पाहताना मलाही फार आशा वाटली होती.

मात्र त्या उंदरांना कर्करोग नव्हता. त्यांना सिस्प्लॅटिनचा बहुधा एकच मोठा डोस दिला जातो, कर्क्युमिन अनेकदा त्याच्या आधीपासून सुरू असते आणि आठवड्याभरात प्रयोग संपतो. जे मूत्रपिंडाच्या पेशीला वाचवते ते गाठीतल्या पेशीलाही वाचवील का, या प्रश्नाला असा प्रयोग हातच घालत नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत तर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण हे औषध गाठीचा उरलासुरला अंश मारण्यासाठीच दिले जात आहे.

मात्रेचा हिशेबही पाहावा. अनेक प्रयोगांत उंदराला वजनाच्या किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले जाते. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात हिशेब केला, तर वरची मात्रा ६० किलोच्या माणसासाठी रोज सुमारे २ ग्रॅम होते. हळदीत कर्क्युमिन व त्याचे सजातीय घटक मिळून साधारण २ ते ५ टक्केच असतात, म्हणजे रोज ६० ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल, आणि इतके करूनही आतड्यातून ते रक्तात फारच थोडे उतरते. स्वयंपाकातली हळद त्यामुळे निःशंक चालू ठेवावी. तिच्याकडून मूत्रपिंडाच्या संरक्षणाची अपेक्षा मात्र ठेवू नये.

माणसांवरचा एक अनुभव येथे सांगायलाच हवा. कॅनडातील १० रुग्णालयांत पोटातील महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या ६०६ रुग्णांना कर्क्युमिन किंवा निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फायदा दिसला नाही. उलट मूत्रपिंडाची तीव्र इजा कर्क्युमिनच्या गटात १७ टक्के, तर दुसऱ्या गटात १० टक्के रुग्णांना झाली. तेथे इजेचे कारण सिस्प्लॅटिन नव्हते हे खरे, पण ‘निदान नुकसान तरी नाही’ असे म्हणण्याचा आधार या निकालाने काढून घेतला आहे.

गोळ्यांमधल्या मिरीच्या अर्काची मला अधिक काळजी वाटते. त्यातील पायपरिनमुळे कर्क्युमिनचे शोषण वाढते, पण यकृतातील ज्या विकराला (एन्झाइमला) ते अडवते, त्यानेच सिस्प्लॅटिनसोबत उलटीसाठी दिले जाणारे अप्रेपिटंट आणि इतर अनेक औषधे मोडली जातात. हळद व मिरीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय हळदीत ऑक्झलेट (मूत्रपिंडात खडे बनवू शकणारा क्षार) असते, आणि जास्त मात्रेत दीर्घकाळ हळदीच्या गोळ्या घेतल्याने ऑक्झलेट साचून मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणेही वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

वडिलांची मूत्रपिंडे सांभाळणारी गोष्ट म्हणजे पाणी. डोसच्या आधी आणि नंतर सलाईन व मॅग्नेशियम रुग्णालयात देतात. खरी घसरण घरी आल्यावर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात होते, कारण त्या दिवसांत उलट्या होतात आणि रेडिएशनने तोंड सोलवटलेले असल्याने घोटभर पाणीही गिळवत नाही. रोजचे वजन आणि लघवीचे प्रमाण वहीत लिहा, आणि पाणी पोटात राहत नसेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सलाईनसाठी घेऊन जा. तोंडाच्या वेदनांसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन दुकानातून आणून देऊ नका, ही औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. दुखण्यावर काय द्यायचे ते डॉक्टरांनाच विचारा.

पुढच्या डोसपूर्वी क्रिएटिनिनसोबत मॅग्नेशियम, पोटॅशियमही तपासून घ्या, आणि १.३ हा आकडा स्वतः डॉक्टरांच्या नजरेस आणा. मात्रा कमी करायची, डोस पुढे ढकलायचा की औषध बदलायचे, हे त्यावरून तेच ठरवतील. गोळ्यांची बाटलीही त्या भेटीला सोबत न्या. त्यातली एखादी गोळी आधीच दिली गेली असेल, तर तेही न संकोचता सांगा.